सेवेच्या दोन वाटा

१४.० प्रास्ताविक

अर्ध्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : शिकून पुढे काय करायचे? आरोग्यसेवेची ओढ असणाऱ्यांपुढे हा प्रश्न अधिक अवघड होऊन उभा राहतो. डॉक्टर व्हावे, की परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांसारखा कमी मुदतीचा अभ्यासक्रम निवडावा? एक वाट लांबची आणि चढणीची, तर दुसरी तुलनेने जवळची. पण तिच्यावरही काटे आहेतच. प्रश्न आजचा वाटला तरी मराठी समाजाला तो नवा नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी कल्याणच्या एका तरुणीने तो भर सभेत मांडला होता. तिच्यापासून आजच्या मुक्त विद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत या निवडीचा प्रवास कसा झाला, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१४.१ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• आरोग्यसेवेतील दीर्घ आणि अल्प मुदतीच्या शिक्षणातील फरक सांगू शकाल;
• आनंदीबाई जोशी, डॉ. रखमाबाई आणि रमाबाई रानडे यांच्या कार्यातून या निवडीचे स्वरूप स्पष्ट करू शकाल;
• स्वतःच्या परिस्थितीचा विचार करून निर्णय घेण्याचे निकष मांडू शकाल;
• विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये ओळखून त्यांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

१४.२ मूळ पाठ

(१) सेरामपूरची सभा

फेब्रुवारी १८८३. बंगालमधील सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेली एक विवाहित मराठी तरुणी इंग्रजीतून भाषण करण्यासाठी उभी राहिली. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. आनंदीबाई वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार, ही बातमी पसरली होती आणि लोकांनी प्रश्नांचा भडिमार चालवला होता. एवढ्या दूर कशाला? इथे शिकण्याची काही सोय नाही का?

सोय अगदीच नव्हती, असे नाही. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. निरनिराळ्या इलाख्यांत सुईणीच्या कामाचे वर्गही चालत. म्हणजे जवळची वाट आनंदीबाईंना ठाऊक होती. ती नाकारण्याचे कारणही त्यांनी सभेत स्पष्टपणे सांगितले. या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. इथल्या वर्गांत मिळणारे शिक्षण त्या गरजेला पुरे पडणारे नाही आणि शिकवणाऱ्यांची वृत्तीही मोकळी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या उत्तरामागची विचारपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘मोठी पदवी कोणती?’ हा प्रश्न आनंदीबाईंनी विचारला नाही. ‘जे काम करायचे आहे, त्याला किती शिक्षण लागते?’ हा प्रश्न त्यांनी विचारला. बाळंतपण सरळ असेल तर कुशल सुईण ते पार पाडते. पण मूल अडले, ताप चढला, रक्तस्राव थांबेना, तर पुढचा निर्णय कोणी घ्यायचा? त्या काळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास असंख्य स्त्रिया तयार नसत. आनंदीबाईंना स्वतःला चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले होते. सुईणीच्या शिक्षणाने जिथे हात टेकावे लागत, तिथून पुढचे ज्ञान त्यांना हवे होते.

एप्रिल १८८३ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून जहाजाने प्रयाण केले. अमेरिकेत न्यू जर्सी येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखा आधार दिला. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. परंतु त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचा दवाखाना त्यांची वाटच पाहत राहिला.

म्हणून त्यांची निवड चुकली, असे म्हणता येईल काय? निवडीचे मोल केवळ फळावरून ठरत नाही. मात्र त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट नाकारता येत नाही : लांबची वाट चालणाऱ्याने ध्येयाबरोबर स्वतःच्या प्रकृतीचाही हिशेब ठेवावा लागतो.

(२) तिशीत डॉक्टर झालेल्या रखमाबाई

आनंदीबाईंच्याच वयाच्या रखमाबाईंची कहाणी वेगळी आहे. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह बालपणीच झाला होता. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ पासून चाललेला हा खटला देशभर आणि इंग्लंडातही गाजला. नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा कारावास भोगा, असा आदेश १८८७ मध्ये झाला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले.

खटला मिटला तेव्हा त्या सुमारे चोवीस वर्षांच्या होत्या. पुढे काय, हा प्रश्न समोर होता. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यामुळे वैद्यक हा विषय घरात परिचयाचा होता. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी उत्तेजन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. १९५५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

शिक्षणाला उशीर झाला म्हणून ज्यांच्या मनात खंत आहे, त्यांनी या कालगणनेकडे अवश्य पाहावे. मात्र तिच्यातला दुसरा धागाही विसरू नये. रखमाबाईंच्या मागे घरच्यांचे पाठबळ, जाणत्या मार्गदर्शकाचा हात आणि हितचिंतकांची मदत होती. लांबची वाट एकट्याने चालणे फार थोड्यांना जमते.

पाठगत प्रश्न १४.१
१. सुईणीचे शिक्षण आनंदीबाईंना पुरेसे का वाटले नाही?
२. रखमाबाई डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय सुमारे किती होते?
३. दोघींनाही कोणत्या प्रकारचे साहाय्य मिळाले?

(३) सेवासदनातून ससूनकडे

जवळची वाट समाजाला सोपी वाटत होती, असे मात्र मुळीच नाही. परिचारिकेचे काम म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र उचलणे आणि रात्री-अपरात्री घराबाहेर राहणे! प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांना हे काम हलके वाटे. लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने १८६० साली परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली होती; पण इकडच्या समाजाच्या मनातली अढी सुटायला पुढे बराच काळ जावा लागला.

ती सोडवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गो. कृ. देवधर त्यांचे सहकारी होते. पुढे सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवण्यास प्रारंभ केला. त्यांत तरुण विधवाही होत्या. या स्त्रियांच्या हाती दहा-पंधरा वर्षे शिकत राहण्याइतका वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. माहेर-सासर दोन्हीकडे ओझे ठरलेल्या बाईला स्वतःच्या कमाईचे दोन घास लवकर मिळणे, हीच तिच्या मानाची पहिली पायरी होती.

इथे निवडीचा निकष बदललेला दिसतो. आनंदीबाईंनी कामाची खोली पाहिली, तर सेवासदनाने शिकणाऱ्या स्त्रीची परिस्थिती पाहिली. दोन्ही निकष खरे आहेत. निर्णय घेताना यांतील एकाकडे पाठ फिरवली, तर पुढे पश्चात्तापाची पाळी येते.

(४) दोन प्रकारचे डॉक्टर आणि भोर समिती

डॉक्टरकीचीदेखील एके काळी एक जवळची वाट होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. विद्यापीठाची पदवी घेणारे डॉक्टर आणि वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळवणारे परवानाधारक डॉक्टर, असे दोन वर्ग ब्रिटिश अमदानीत होते. पुण्याची बी. जे. वैद्यकीय शाळा अशाच परवानाधारकांना शिकवी. १९४६ साली तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. डॉक्टर एकाच दर्जाचा आणि पूर्ण शिकलेला असावा, अशी शिफारस समितीने केली. त्यामुळे पुढे परवान्याचे अभ्यासक्रम बंद होत गेले. गरिबांसाठी कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंतांसाठी जास्त शिकलेला, हा भेद नको, ही यामागची भूमिका समजण्याजोगी आहे. पण शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात जाईल काय, ही शंका तेव्हाही होती आणि आजही ती पुरती मिटलेली नाही.

त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अवघ्या देशात तेव्हा परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टरांची उणीव सर्वांना दिसत होती. परिचारिकांची उणीव त्याहून कितीतरी मोठी असून लोकांच्या नजरेत भरत नव्हती.

(५) गडचिरोलीची साक्ष

कमी शिकलेल्या माणसाच्या हातून किती मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेद्वारे नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. बाळंतपणे घरीच होत, रुग्णालय दूर आणि वाटेत नदीनाले. तेव्हा त्यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडला तर उपाय करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही कामे त्या आरोग्यदूत घरोघरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे घरपोच नवजात बालसेवेचे हे तत्त्व ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या मार्फत देशभर स्वीकारले गेले.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून असाच मार्ग चोखाळला होता. निरक्षर स्त्रियादेखील तिथे गावाच्या आरोग्यसेविका झाल्या.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. गावातल्या आरोग्यसेविकेमागे पूर्ण शिकलेले डॉक्टर उभे होते. शिकवणे, चूक दाखवणे, हाताबाहेर गेलेला रुग्ण ताब्यात घेणे, हे त्यांचे काम होते. आरोग्यदूताविना डॉक्टरचे ज्ञान झोपडीपर्यंत पोचले नसते आणि डॉक्टरविना आरोग्यदूत तयार झाले नसते. दोन वाटा निघतात वेगवेगळ्या. रुग्णाच्या अंथरुणाशी मात्र त्या एकत्र येतात.

पाठगत प्रश्न १४.२
१. सेवासदनाने निवड करताना कोणत्या गोष्टीला महत्त्व दिले?
२. १९४६ च्या अहवालानुसार साधारण किती लोकांमागे एक परिचारिका होती?
३. गडचिरोली व जामखेड येथील प्रयोगांत कोणती गोष्ट समान होती?

(६) नोएडाच्या उंबरठ्यावरून

आता आजच्या काळात येऊ. दिल्लीलगतच्या नोएडा शहरात, सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेचे मुख्यालय आहे. १९८९ साली ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालय’ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला आजचे नाव २००२ मध्ये मिळाले. घरकाम, मजुरी, आजारपण, स्थलांतर अशा कारणांनी शाळा सुटलेल्या असंख्य लोकांसाठी ती दुसरी संधी आहे. विद्यार्थ्याला परीक्षा पूर्ण करण्यासाठी पाच वर्षे आणि नऊ संधी मिळतात.

परंतु मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्याला डॉक्टर होण्याचा अधिकार आहे काय, हा वाद मध्यंतरी उभा राहिला. २०१८ च्या आरंभी नियमांत दुरुस्ती करून अशा विद्यार्थ्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतून वगळण्यात आले. विद्यार्थी न्यायालयात गेले. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. नियमित शाळेत जाता आले नाही, एवढ्यावरून कोणाची योग्यता नाकारता येत नाही, हे या निर्णयाने अधोरेखित झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचे विद्यार्थी पात्र असल्याचे कळवले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची नोंद घेतल्यावर शंकेला जागा उरली नाही. परीक्षेसाठीची कमाल वयोमर्यादाही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. आज तिशी-पस्तिशीतला विद्यार्थीही ही परीक्षा देऊ शकतो आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेऊ शकतो.

दार उघडले, हे खरे. पण दार उघडणे आणि आत जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२४ मध्ये या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्यांतील खासगी महाविद्यालयांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. प्रवेशानंतर शिकवण्याची भाषा मुख्यतः इंग्रजी असते आणि एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षे द्यावी लागतात.

दुसऱ्या वाटेवर अनेक फाटे आहेत. सहायक परिचारिका व प्रसाविका (ए.एन.एम.) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविका (जी.एन.एम.) तीन वर्षांची, तर बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची असून तिला जोडून ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते. याशिवाय प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम आहेत. अशा व्यवसायांचे नियमन करण्यासाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे.

(७) हिशेब कसा मांडावा?

एक उदाहरण घेऊ. अठ्ठावीस वर्षांची एक स्त्री. दहावी कधीचीच झालेली, नवऱ्याचे हातावर पोट, पदरी एक मूल. मुक्त विद्यालयातून ती विज्ञान विषय घेऊन एका वर्षात बारावी झाली, असे धरू. तिने प्रवेशपरीक्षेच्या तयारीला एक वर्ष दिले आणि पहिल्याच प्रयत्नात सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली, तर साडेपस्तिसाव्या वर्षी ती डॉक्टर होईल. जागा मिळाली नाही, तर ते वर्ष खर्ची पडेल. तिने बारावीनंतर लगेच परिचर्येची पदविका घेतली, तर बत्तिसाव्या वर्षी ती नोकरीला लागण्यास पात्र होईल आणि पुढे दोन वर्षांच्या शिक्षणाने पदवीही मिळवू शकेल.

या हिशेबाने प्रश्न सुटत नाही. तो फक्त स्वच्छ दिसू लागतो. साडेतीन वर्षांचा हा फरक तिच्या घराला पेलेल काय? एखादे वर्ष वाया गेले तर आधाराला कोण आहे? आणि मुख्य म्हणजे, तिला कोणते काम करायचे आहे? रोगाचे निदान करून उपचार ठरवणे आणि त्या निर्णयाची जबाबदारी पेलणे, हे डॉक्टरचे काम. रुग्णाजवळ तासन्‌तास राहून त्याच्या प्रकृतीतला बारीकसा बदल सर्वांआधी टिपणे, हे परिचारिकेचे. रात्री तीन वाजता नाडी बिघडली, हे बहुधा परिचारिकेला आधी कळते. तिने ओळखले नाही तर डॉक्टरला बोलावणार कोण?

एक गैरसमज मात्र वेळीच दूर करावा. परिचर्येचे शिक्षण ही डॉक्टरकीची अर्धी वाट नव्हे. परिचारिकेला पुढे डॉक्टर व्हावेसे वाटले, तर तिलाही प्रवेशपरीक्षेपासूनच आरंभ करावा लागतो. ‘आधी हे करू, मग ते बघू’ असे म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवण्यापेक्षा प्रत्येक वाट तिच्या स्वतःच्या गुणांवर निवडावी. दुसरी सावधगिरी संस्थेविषयी. काही महिन्यांत परिचारिका करून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या जाहिराती गावोगाव दिसतात. अभ्यासक्रमाला परिचर्या परिषदेची मान्यता नसेल, तर प्रमाणपत्र हाती येते. नोंदणी मात्र होत नाही. शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचा कागद पाहणे, हा संशयखोरपणा नसून शहाणपणा आहे.

ज्याच्याकडे वेळ, आधार आणि अपयश पचवण्याची ताकद आहे आणि निदान-उपचाराच्या जबाबदारीची खरीखुरी ओढ आहे, त्याने वयाकडे किंवा मुक्त विद्यालयाच्या शिक्क्याकडे पाहून कच खाऊ नये. ज्याच्या घरची चूल लवकर पेटणे गरजेचे आहे, त्याने जवळची वाट निवडताना मान खाली घालू नये. कमीपणा वाटेत नसतो; काम अर्धवट शिकण्यात असतो. सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी जो प्रश्न स्वतःला विचारला, तोच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : मला जे काम करायचे आहे, त्याला किती शिक्षण लागते? आणि सेवासदनाने जो विचार केला, तोही त्याच्या शेजारी ठेवावा : माझ्या परिस्थितीत मला काय पेलवेल? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे जिथे एकमेकांना मिळतात, तिथून आपली वाट सुरू होते.

पाठगत प्रश्न १४.३
१. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांवरील बंदी कोणत्या न्यायालयाने आणि केव्हा रद्द ठरवली?
२. ‘परिचर्येचे शिक्षण ही डॉक्टरकीची अर्धी वाट नव्हे’ असे का म्हटले आहे?

१४.३ शब्दार्थ

प्रयाण करणे – प्रवासाला निघणे
परिचर्या – रुग्णाची शुश्रूषा
प्रसाविका – प्रसूतीच्या कामाचे शिक्षण घेतलेली स्त्री, सुईण
अमदानी – राजवट, कारकीर्द
आंतरवासिता – शिक्षणाच्या अखेरीस रुग्णालयात करावयाची प्रत्यक्ष सेवा
अढी – मनातील आकस, प्रतिकूल ग्रह
अधोरेखित होणे – ठळकपणे स्पष्ट होणे

वाक्प्रचार
हात टेकणे – उपाय न चालल्यामुळे हार मानणे
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे
हातावर पोट असणे – रोजच्या कमाईवर गुजराण करणे
कच खाणे – माघार घेणे
दोन्ही डगरींवर हात ठेवणे – दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळू पाहणे

१४.४ भाषाभ्यास : विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये

पुढील वाक्ये वाचा.
१. डॉक्टर व्हावे, की परिचारिका व्हावे?
२. नांदायला जा, नाहीतर कारावास भोगा.
३. परीक्षा मराठीतून किंवा इंग्रजीतून देता येते.

या वाक्यांतील ‘की’, ‘नाहीतर’, ‘किंवा’ हे शब्द दोन शब्द वा वाक्ये जोडतात. पण दोहोंपैकी एकाचीच अपेक्षा दाखवतात. दोन गोष्टींतील पर्याय सुचवणाऱ्या अशा अव्ययांना विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. ‘अथवा’, ‘वा’ हीदेखील याच प्रकारची अव्यये आहेत. याउलट ‘आणि’, ‘व’ ही अव्यये दोन गोष्टींचा मेळ घालतात, म्हणून ती समुच्चयबोधक होत.

कृती : ‘वाट’ हा विषय घेऊन विकल्पबोधक अव्ययांची तीन आणि समुच्चयबोधक अव्ययांची दोन वाक्ये तयार करा.

१४.५ तुम्ही काय शिकलात?

• आरोग्यसेवेतील शिक्षणाची निवड पदवीच्या मोठेपणावर नव्हे, तर करावयाच्या कामावर आणि स्वतःच्या परिस्थितीवर ठरवावी.
• आनंदीबाईंनी कामाची गरज ओळखून दीर्घ शिक्षण निवडले. सेवासदनाने परिस्थिती ओळखून स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले.
• गडचिरोली व जामखेड येथील अनुभव सांगतो की दोन्ही प्रकारचे सेवक परस्परांना पूरक असतात.
• मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा मार्ग खुला आहे. मात्र जागा मर्यादित आहेत.
• संस्थेची मान्यता तपासल्याशिवाय प्रवेश घेऊ नये.

१४.६ स्वाध्याय

१. आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या शिक्षणप्रवासातील साम्य व फरक आठ-दहा ओळींत लिहा.
२. भोर समितीने एकाच दर्जाच्या डॉक्टरांची शिफारस केली. ही शिफारस तुम्हाला पटते काय? सकारण लिहा.
३. ‘कमीपणा वाटेत नसतो, काम अर्धवट शिकण्यात असतो’ या विधानाचा आशय स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील परिचारिका, औषधनिर्माता किंवा आरोग्यसेविका यांच्याशी बोलून त्यांच्या एका दिवसाच्या कामाची नोंद तयार करा.
५. पाठातील अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीला सल्ला देणारे पत्र तिची थोरली बहीण या नात्याने लिहा. निर्णय तिच्यावर न लादता दोन्ही बाजू मांडा.

१४.७ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : (१) सुईणीच्या वर्गांत मिळणारे शिक्षण अपुरे होते, देशातील स्त्रियांना पूर्ण शिकलेल्या स्त्री-डॉक्टरांची गरज होती. (२) सुमारे तीस वर्षे. (३) घरच्यांचा किंवा हितचिंतकांचा आधार : आनंदीबाईंना अमेरिकेतील कार्पेंटर बाईंचा, रखमाबाईंना घरच्यांचे पाठबळ आणि डॉ. एडिथ पीची यांचे उत्तेजन.
१४.२ : (१) शिकणाऱ्या स्त्रीच्या परिस्थितीला. (२) साधारण ४३,०००. (३) गावातील आरोग्यसेविकेमागे पूर्ण शिकलेले डॉक्टर उभे होते.
१४.३ : (१) दिल्ली उच्च न्यायालयाने, मे २०१८ मध्ये. (२) परिचारिकेला डॉक्टर व्हावयाचे असल्यास तिलाही प्रवेशपरीक्षेपासूनच आरंभ करावा लागतो, म्हणून.